आधी दाढीला पाणी पाजा

आरोग्य शिबिरात पुरुष शेवटी येतात. बायकोचा बीपी मोजून झाला, आईची शुगर झाली, पोरांना जंताच्या गोळ्या देऊन झाल्या, की मग मागे भिंतीला टेकून उभा असलेला माणूस हळूच पुढे येतो आणि हनुवटीखाली बोट लावून म्हणतो, "सिस्टर, हे पाहा ना जी. दाढी केली का मानेवर फोड येते." घुग्घुस, माजरी, सास्तीकडच्या वस्त्यांत मी हे ऐकले आहे, तिकडे धानोरा-कुरखेड्याच्या गावांतही ऐकले आहे. कुणाची मान लालभडक, कुणाच्या गळ्यावर बारीक काळ्या गाठी, कुणाच्या हनुवटीवर पिवळ्या टोकाचे पुरळ. आणि निदान त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेले असते: आपली दाढीच राठ, किंवा पाते खोटे, किंवा अंगात उष्णता.

दाढीवर बाईने लिहावे याचे कुणाला हसू येईल. हसा. पण बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्याच्या दिवसांबद्दल काय लिहिले आहे ते आठवा. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, पैसे द्यायची ऐपत नव्हती असेही नाही. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता, म्हणून भावंडांचे केस थोरली बहीण कापायची आणि करून करून ती त्या कामात तरबेज झाली होती. आपल्या किती घरांत वस्तरा असाच आला. १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, जातीवरून सेवा नाकारणे गुन्हा ठरले. तोवर आपल्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांच्या दाढ्या ओसरीवर बसून केल्या. गरजेने वस्तरा हातात दिला, पण तो कसा चालवावा हे नीट समजावून कुणी सांगितले नाही. बाप जसा करायचा तसा पोरगा करतो. गार पाण्याचा एक हबका, अंगाच्या साबणाचे दोन हात, आणि खरडा.

खरी गोम इथेच आहे. माणूस पात्याला दोष देतो, महाग रेझर आणतो, तीन पात्यांचा, पाच पात्यांचा. दाढी भिजायला मात्र वेळ देत नाही.

केस म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. आपली नखेही त्याचीच. नख कोरडे असताना कापून पाहा आणि आंघोळीनंतर कापून पाहा, फरक हाताला कळतो. केसाचेही तेच. कोरडा केस कडक आणि ताठ. पाणी आत शिरले की तो फुगतो. लांबीला फारसा वाढत नाही, पण जाडीला साधारण १४ ते १६ टक्के वाढतो आणि मऊ पडतो. मऊ केस कापायला पात्याला जोर कमी लागतो. जोर कमी लागला की हात दाबत नाही, आणि हात दाबला नाही की कातडी सोलवटत नाही. पण हे पाणी एका क्षणात शिरत नाही. दाढीच्या केसाला कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे तरी लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त. शिवाय केसावर आपल्याच त्वचेचे तेल असते. कोळशाच्या खाणीत, सिमेंट कारखान्यात, वीटभट्टीवर किंवा आलापल्ली-आष्टी रस्त्याच्या लाल धुळीत दिवस काढलेल्या माणसाच्या दाढीत त्या तेलात मिसळलेला धुळीचा थर असतो. तो साबणाने निघाल्याशिवाय पाणी केसापर्यंत पोचतच नाही.

पाते लोखंडी म्हणून अजिंक्य, असेही नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की पात्याचे पोलाद केसापेक्षा जवळजवळ ५० पट कठीण असूनही एकटा केस धारेचा बारीक टवका उडवू शकतो. केस वाकलेला असला आणि धारेच्या त्या जागचे पोलाद जरा कमजोर असले की टवका उडतो. म्हणजे पात्याची धार नुसती झिजत नाही, ती तुटतेही. तुटक्या धारेचे पाते तुमच्या गालावर करवतीसारखे फिरते. एकच पाते महिनाभर चालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. राठ दाढीला एक साधे पाते तीन-चार वेळा, फार तर पाच वेळा. ओढल्यासारखे वाटू लागले त्याच दिवशी ते संपले.

आता आपल्या भागाची एक खास अडचण सांगते, कारण ती दाढीच्या साबणाच्या डबीवर लिहिलेली नसते. राजुरा, कोरपना, गडचांदूर, आवारपूर हा सगळा चुनखडीचा पट्टा. म्हणून तर तिथे सिमेंटचे कारखाने आहेत. या भागातल्या विहिरीचे, बोअरिंगचे पाणी जड असते. चहाच्या भांड्याच्या तळाला पांढरी खपली धरते, डाळ लवकर शिजत नाही, आंघोळीचा साबण फेस धरत नाही, अंगावर चिकट थर राहतो. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळतो आणि फेसाऐवजी त्याची साय तयार होते. दाढीवर फेसच उभा राहत नाही, मग माणूस आणखी साबण चोळतो, कातडी आणखी कोरडी होते, आणि त्याच कोरड्या कातडीवर पाते फिरते. एक जण मला म्हणाला, "नागपूरले पाहुणपणी गेलो का दाढी मस्त होते, घरी आलो का रक्त निघते." पाते तेच, साबण तोच, हातही तोच. पाणी बदलले होते.

यावर उपाय फुकटात आहे. चुनखडीच्या पाण्याचा जडपणा बराचसा उकळून जातो. तांब्याभर पाणी चांगले उकळा, निवू द्या, पांढरा गाळ तळाला बसला की वरचे नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. दाढीला वाटीभर पाणी पुरते. पावसाळ्यात पत्र्यावरून गळणारे पाणी धरून ठेवले तर तेही हलके असते. पहिल्या पावसाचे सोडून द्यायचे, पत्र्यावरची घाण त्यात येते. गावात आरओचे पाणी मिळत असेल तर त्यातले अर्धा पेला बाजूला ठेवा. बाकी धुणे साध्या पाण्याने झाले तरी चालेल, फेस मात्र हलक्या पाण्याचा हवा. ओघात एक सांगून ठेवते: जिथे पाण्यात फ्लोराइड आहे तिथे ते उकळून जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. उकळण्याची ही युक्ती साबणासाठी आहे, फ्लोराइडसाठी नाही.

तर पद्धत अशी. आधी तोंड साबणाने धुवायचे, मान आणि कानामागची जागासुद्धा. मग दुपट्टा किंवा जुन्या मऊ धोतराचा तुकडा कोमट पाण्यात बुडवून, हलका पिळून, गालांवर-हनुवटीवर धरून बसायचे. चटका बसेल इतके गरम नको. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतके. दुपट्टा निवला की पुन्हा बुडवायचा. असे तीन मिनिटे. घड्याळ नसेल तर चुलीवर चहा ठेवा आणि त्याला उकळी फुटेपर्यंत दुपट्टा सोडू नका. सकाळी घाईत असलेल्या माणसाने आंघोळ आधी करावी आणि दाढी नंतर, दुपट्ट्याचे काम आंघोळच करते. आपल्याकडे नेमके उलटे चालते, आधी दाढी आणि मग आंघोळ, म्हणजे सगळ्यात कोरडी दाढी पात्याखाली.

मग साबण. अंगाच्या वडीचा फेस लवकर वाळतो. दाढीच्या साबणात ग्लिसरीन असते, तो फेस पाणी धरून ठेवतो, त्याच कामाचे पैसे आपण देतो. कपड्याचा साबण तोंडाला लावणारेही मी पाहिले आहेत. त्याचा क्षार कातडी जाळतो, तो बंदच करा. ब्रश असला तर उत्तम. ब्रश गोल गोल फिरवला की केस उभे होतात आणि पाणी मुळापर्यंत जाते. ब्रश नसेल तर बोटांनी, पण चोळायचे एवढे नक्की. बाजारात झाडाखाली विटेवर बसवून दाढी करणारे जुने न्हावी आठवतात का? त्यांच्याकडे क्रीम नव्हते. पण ते पाण्याच्या बोटांनी गाल कितीतरी वेळ चोळत बसायचे. गिऱ्हाईक कंटाळायचे, दाढी मात्र मऊ व्हायची. त्यांना हे शास्त्र हाताला माहीत होते.

फेस लावल्यावर मिनिटभर थांबा. पंखा बंद करा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५-४६ ला टेकतो तेव्हा पंख्याखाली बसून दाढी करणाऱ्याचा फेस दुसऱ्या गालापर्यंत पोचण्याआधीच वाळलेला असतो. वाळलेल्या फेसावर पाते कधीच फिरवू नका, बोट ओले करून पुन्हा फेस उठवा. सुरुवात गालांपासून करा, मग मान, आणि हनुवटी व मिशीची जागा सगळ्यात शेवटी. तिथला केस सर्वांत जाड, त्याला भिजायला जास्त वेळ मिळतो.

तेल लावणाऱ्यांसाठी एक शब्द. पाण्याआधी तेल लावले तर पाणी अडते. दाढी झाल्यावर खोबरेलाचे किंवा जवसाचे दोन थेंब हातावर चोळून लावले तर कोरडेपणा कमी होतो, तोंडावर मुरुम येणाऱ्यांनी तेवढेही टाळावे.

पाते कोणत्या दिशेने चालवायचे हे बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नसते. दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि आरशासमोर बोटे फिरवून पाहा. ज्या बाजूने बोट गुळगुळीत जाते ती केसाची दिशा, ज्या बाजूने टोचते ती उलटी. गालावर ती बहुधा वरून खाली असते. मानेवर मात्र काहींचे केस वर जातात, काहींचे आडवे, काहींना तर कंठाजवळ भोवराच असतो. सगळी मान खालून वर खरडायची सवय असेल तर फोड तिथेच येणार. पहिला हात केसाच्या दिशेने. छोटे छोटे ओढ, दोन-तीन ओढ झाले की पाते पाण्यात हलवून घ्या. रेझरच्या वजनानेच कापू द्या. कातडी हलकी ताणा, गाल तंबूसारखा ताणू नका. आणखी साफ हवी तर पुन्हा फेस लावून आडवा हात मारा. उलटा हात, म्हणजे घोटून गुळगुळीत करणे, ज्याच्या मानेवर फोड येतात त्याने सोडूनच द्यावा.

का, ते समजून घ्या. कुरळा केस फार खोल कापला गेला की त्याचे टोकदार तोंड कातडीच्या खाली राहते. वाढताना तो वळतो आणि बाहेर येण्याऐवजी कातडीतच शिरतो. शरीराला तो परका वाटतो, म्हणून भोवती सूज आणि गाठ. त्याला जंतू लागले तर पू. माणसाला वाटते मुरुम आले, तो आणखी घोटून दाढी करतो आणि आणखी केस आत जातात. पाच पात्यांचे महाग रेझर इथे उपयोगाचे नाहीत. पहिले पाते केस उचलते, मागचे त्याला कातडीच्या खाली कापते. अशा माणसाला साधे एक पात्याचे रेझर बरे, किंवा ट्रिमरने एक मिलिमीटरची दाढी ठेवावी. खूपच गाठी असतील तर तीन-चार आठवडे दाढी वाढू द्यावी, आत अडकलेले केस आपोआप बाहेर येतात. सुईने टोकरून काढायचे नाहीत, काळे डाग त्यानेच पडतात. हल्ली तरुण पोरे दाढी ठेवतात त्यावर घरातली वडीलमंडळी चिडतात. या एका बाबतीत मी पोरांच्या बाजूची आहे. ठेवली तरी रोज साबणाने धुतली म्हणजे झाले.

आणि ज्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना दाट दाढी हवी म्हणून रोज गुळगुळीत गालावर पाते फिरवायची हौस आहे, त्यांच्यासाठी: मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच मोजून दाखवले, की दाढी केल्याने केस ना जाड होतो ना लवकर वाढतो. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढेच.

काहींना मात्र दाढी ठेवायची मुभा नसते. पोलिसात गेलेली आपली मुले, कंपनीच्या गेटवरचे सुरक्षारक्षक. आणि धुळीत काम करणारे. कोळसा, सिमेंट, लोहखनिज अशा धुळीत जो घट्ट बसणारा मास्क देतात तो दाढीवर नीट बसत नाही. केसांच्या फटीतून धूळ थेट आत जाते आणि मास्क घातल्याचे नुसते समाधान राहते. फुफ्फुसात बसलेली ती धूळ परत निघत नाही. म्हणून असा मास्क लावणाऱ्याने पाळीवर जाण्याआधी त्याच दिवशी दाढी केलेली बरी, आणि त्यासाठीच ती न सोलता करता आली पाहिजे. सोललेल्या मानेचा माणूस दुसऱ्या दिवशी दाढी टाळतो, किंवा मास्क खाली ओढतो. ज्यांना मास्कची गरज नाही त्यांनी रात्री, कामावरून आल्यावर करावी. ताज्या कापलेल्या कातडीत उन्हाचा घाम आणि धूळ जाण्यापेक्षा तिला रात्रभर विश्रांती मिळते.

आता सलून. न्हाव्यावर माझा राग नाही. तोही दिवसभर उभा राहून कमावतो, आणि त्याच्याही बोटाला कापते. पण गिऱ्हाईकाने डोळे मिटून बसू नये. हिपॅटायटीस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. डोळ्यांना दिसणार नाही इतके रक्तही पुरते. हिपॅटायटीस सी सुद्धा असाच पसरू शकतो. न्हावी आता साधे पाते मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्यात लावतात; ते कागदातून काढून तुमच्यासमोर मोडले की नाही एवढे बघा. "भाऊ, नवीन लाव" म्हणायला लाजू नका. पाते धुतले, डेटॉलच्या पाण्यात बुडवले म्हणजे विषाणू मेला असे होत नाही.

पात्याबद्दल आता बरेच जण जागरूक झाले आहेत. तुरटीबद्दल कुणी बोलत नाही. दाढी संपली की न्हावी तुरटीचा खडा ओला करून गालभर फिरवतो. कापलेल्या जागेचे रक्त थांबते, कारण तुरटी कातडी आणि बारीक रक्तवाहिन्या आकसवते. पण तोच खडा आधीच्या माणसाच्या कापलेल्या गालावरून फिरून आलेला असतो, आणि तुरटी स्वतः निर्जंतुक नसते. तेच सगळ्यांच्या ब्रशचे आणि त्या एका नॅपकिनचे. चामखीळसुद्धा पात्याने आणि ब्रशने एका गालावरून दुसऱ्यावर, एका माणसावरून दुसऱ्यावर जाते. सोपे म्हणजे एका लहान डबीत आपला ब्रश, आपला तुरटीचा खडा आणि दोन पाती घेऊनच सलूनात जावे. १५-१६ ऑक्टोबरच्या आधी चंद्रपुरात दीक्षाभूमीच्या कार्यक्रमासाठी सलूनापुढे रांगा लागतात, तेव्हा तर नक्की. गर्दीत न्हाव्याचाही हात सैल पडतो. घरातही बाप-लेकांचे एकच रेझर असते. ते चालणार नाही, टूथब्रश वेगळा तसे रेझर वेगळे.

हिपॅटायटीस बीची लस देशभर बाळांना देणे २०११ पासून सुरू झाले. म्हणजे आज दाढी करणाऱ्या बहुतेक पुरुषांना ती लहानपणी मिळालेली नाही. मोठ्यांना तीन डोस घ्यावे लागतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. बहुधा ती विकत घ्यावी लागते, पण घ्या. तपासणी आणि उपचार मात्र २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात विचारा.

श्रामणेर शिबिरांबद्दल मला आयोजकांना थेट सांगायचे आहे. एका सकाळी तीस-चाळीस मुलांची डोकी भादरली जातात. न्हावी एक किंवा दोन. मी अशा ठिकाणी उभी राहिले आहे, एका पात्याने चार-चार डोकी होताना पाहिली आहेत, आणि टाळूवर कापले की हळद दाबून पुढचा मुलगा बसवतात. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर वस्तराही आहे, म्हणजे तो ज्याचा त्याचा असणे अपेक्षितच आहे. नोंदणीच्या वेळीच प्रत्येक मुलाच्या नावाने एक पाते आणि एक छोटा टॉवेल बाजूला काढा. खर्च चहाच्या कपापेक्षा कमी येतो. आधी मशीनने केस बारीक करा, मग मुलांना रांगेत बसवून डोक्यावर ओला कोमट टॉवेल ठेवू द्या. पुढच्याचे होईपर्यंत मागच्याचे डोके भिजते, वेगळा वेळ लागत नाही. ज्या मुलाला सिकलसेल आहे त्याचे आईवडिलांकडून आधीच विचारून घ्या. आपल्या भागात तो आजार बराच आहे, साधी जखम चिघळली तरी त्या मुलाला वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याचे डोके पात्याने न भादरता मशीननेच बारीक केले तर धम्माला काही कमी पडत नाही.

फोड आलेच तर काय लावायचे? बहुतेक वेळा काहीच नाही. दाढी थांबवा, कोमट पाण्याचा शेक द्या, स्वच्छ राहा. मेडिकलमधून सांगोवांगी आणलेले खाजेचे मलम तोंडाला लावू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते. पहिल्या आठवड्यात लाली जाते म्हणून माणूस खूश होतो, पुढे कातडी पातळ होते, उन्हात जळते आणि पावसाळ्यातले गजकर्ण तर त्याखाली लपून पसरते. अशी १४ स्टेरॉइड मलमे २०१८ मध्ये केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी आपल्या बाजारपेठेत ती सर्रास मिळतात. दाढीत गोल चट्टा, कडेला खाज, केस सहज उपटून येणे ही गजकर्णाची खूण. त्यासाठी आरोग्य केंद्रात दाखवा. नाकाच्या बाजूला किंवा वरच्या ओठावर दुखरा फोड आला तर तो कधीच पिळू नका, तिथल्या शिरा मेंदूकडे जातात. ताप किंवा डोळ्याभोवती सूज आली तर त्याच दिवशी रुग्णालय.

मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांची दाढी मशीनने करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची करताना त्याला उशीने जरा उठते बसवा, आणि ज्यांचे दात नाहीत त्यांचे गाल आत गेलेले असतात, तिथे गालाच्या आतून त्यांचीच जीभ फुगवायला सांगा, कातडी सरळ होते. तीन मिनिटांचा ओला दुपट्टा त्यांना तर फारच सुखाचा वाटतो. ऑपरेशनच्या आधी मात्र कुणीही घरून पात्याने केस काढून जाऊ नये; जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून सांगितले आहे, की काढायचेच असतील तर क्लिपरने.

पाते वापरून झाले की पाणी झटकून कोरड्या जागी उभे ठेवा, टॉवेलने धार पुसू नका, मगात बुडवून ठेवू नका. आणि संपलेले पाते कचऱ्यात टाकू नका, कागदात गुंडाळूनही नाही. कचरा हाताने वेगळा करणारी माणसे कोण आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, त्यातली बरीच आपल्याच वस्तीतून पहाटे निघतात. पावडरचा जुना पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडा, आणि तो न्हाणीत खिळ्याला टांगून ठेवा. एका घराला तो दोन-तीन वर्षे भरत नाही. भरला की झाकण ठोकून बंद करा आणि भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून द्या.